झेडझेडच्या कुंडीतलं पाणी

(कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या सभागृहात बागप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘घरातलं झाड आणि उजेड’ असा छापलाय. उजेडाकडे येणारच आहे, पण आधी पाण्याचं बोलू द्या. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या प्रदर्शनातून झेडझेड, म्हणजे ते जाड चकचकीत पानांचं घरात ठेवायचं झाड, कुणी कुणी आणलं? हात वर करा. वा! आणि पिवळं पडून गेलं कुणाचं? बघा, बरेच हात खाली आलेच नाहीत.

हे झाड पूर्व आफ्रिकेतलं. तिकडे कोरडे महिने लांबतात, म्हणून त्याच्या मातीखालच्या कंदांत आणि देठांच्या फुगीर बुडख्यांत पाणी साठलेलं असतं. आपण मात्र ते रिकामंच आहे असं समजून रोज तांब्या ओततो.

माझी खरी तक्रार आहे ती नर्सरीतल्या लाल मातीच्या गोळ्याबद्दल. काळी पिशवी फाडा, आत चिकट, घट्ट गोळा. वाळला की पाणी कडेनं निघून जातं, आणि एकदा भिजला की मधला भाग सुकतच नाही. वर तो गोळा आपण बिनभोकाच्या सिरॅमिकच्या कुंडीत बसवतो! मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि वरचं पान पिवळं पडतं. मग घरचे म्हणतात, ‘अगं, तहान लागलीय बहुतेक.’ आणखी पाणी! आमच्या ओळखीच्या एका इमारतीच्या लॉबीत माळीदादांना रोज पाणी घालायची सक्त ताकीद होती. ते बिचारे नको म्हणत होते, पण समितीपुढे त्यांचं कोण ऐकणार? शेवटी कुंडी उपसली तेव्हा कंद मऊ लगदा झालेले आणि घाण वास. मला फार वाईट वाटलं, कारण झाडाची काळजी त्या सगळ्यांत माळीदादांनाच होती.

म्हणून आणल्यावर जमेल तेवढी लाल माती हलक्या हातानं काढा. त्याऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे), थोडं गांडूळखत एवढं पुरे. बोट खोलवर घाला. आत ओल लागली तर थांबा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत माती लवकर वाळत नाही, तेव्हा तर अजिबात घाई नको.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत, तर उजेड. कमी उजेडात झेडझेड तग धरतं, वाढत नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात पाणीही कमी लागतं, म्हणजे तिथे चूक लवकर भोवते. पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवा, नवे कोंब येतील. पश्चिमेच्या एप्रिल-मेच्या उन्हात पानं करपतात, तिथे पडदा हवा. पानांवर धूळ बसली की ओल्या फडक्यानं पुसा. आणि रांगतं मूल किंवा मांजर असेल तर उंचावर ठेवा, कारण चावलं तर त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म, सुईसारख्या स्फटिकांनी तोंडाची आग होते.

आता विचारा प्रश्न. लाल मातीवरचे आधी घेतो.