चार वाजता जागी होणारी बाग

[दृश्य: मे महिन्यातली दुपार. सुनी गल्ली, बंद दारं, घरामागचं परस.]

जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे. गाव कुठलंही घ्या, मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारी एक ते चार खान्देशात माणूस कामाशिवाय घराबाहेर पडत नाही. झाडांचंही तसंच. मोगरा मान टाकतो, पुदिना जमिनीला चिकटतो. या वेळी आलेला पाहुणा परसात डोकावून म्हणेल, इथे बघण्यासारखं काय आहे? त्याला चहाला थांबवून घ्यावं. आमच्याकडच्या बागेचा दिवस चारला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की संपतो. इथे बाग लावायची तर ती संध्याकाळसाठी आणि सकाळसाठी लावावी.

[दृश्य: भिंतीकडेची गुलबक्षी. कळ्या उलगडताना.]

पहिली जागी होते गुलबक्षी. मूळची अमेरिका खंडातली, पण आता मोरीच्या पाण्यावर वाढणारं आपलं घरचंच झाड. ऊन उतरायला लागलं की तिच्या कळ्या उघडतात आणि सकाळी मिटतात. हिच्यावरच कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने आनुवंशिकतेचे प्रयोग केले. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केला, तर पुढच्या पिढीत फुलं गुलाबी आली. पानांवरच्या पांढऱ्या-हिरव्या डागांचा वारसा फक्त मातृवृक्षाकडून येतो, हेही त्याने १९०९ साली याच झाडावर दाखवलं. बारावीच्या मुलांना हा धडा पाठ असतो. झाड मात्र मागच्या दारी उभं आहे, हे त्यांना कुणीतरी हाताला धरून दाखवायला हवं. एक जपा: तिच्या बिया काळ्या मिऱ्यांसारख्या दिसतात आणि त्या विषारी असतात. लहान मुलं खेळायला घेतात, तेव्हा लक्ष असू द्या.

[दृश्य: मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या, खुडणारी बोटं.]

मग मोगरा. ज्या उन्हाला आपण नावं ठेवतो, तेच ऊन मोगऱ्याला मानवतं. थंडीत त्याचं पाणी तोडायचं, संक्रांतीच्या आसपास छाटणी करायची, मुळाशी शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं. फुलं नव्या फुटीवरच येतात, म्हणून छाटताना हात आखडू नये. मार्चपासून कळ्या दिसू लागतात आणि ऐन बहर येतो तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, गौराईची गाणी चाललेली, आणि ओंजळभर कळ्या दारातच मिळतात. कळ्या उमलण्याआधी, उन्हं कलताना खुडाव्या. ओल्या फडक्यात ठेवलेली कळी रात्री केसांत उमलते. विकतचा गजरा त्या वेळेला अर्धा सुकलेला असतो.

मोगरा, जाई, रातराणी, पारिजातक ही सगळी पांढरी, सुवासिक आणि संध्याकाळनंतर उमलणारी. त्याला कारण आहे. यांच्याकडे येणारे पतंग रात्री हिंडतात. अंधारात रंग उपयोगाचा नाही. पांढरेपणा दिसतो आणि वास लांबवर जातो. दिवसभर तापलेल्या भिंतीजवळ खाट टाकून बसलेल्या माणसाला तो वास आयता मिळतो. पारिजातकाला मात्र पावसाळ्याची वाट पाहावी लागते. पहाटे त्याच्याखाली सडा पडला की फुलाचा केशरी देठ चुरगळून बघा, बोट पिवळं होतं. हा रंग केशराच्याच कुळीतला आहे आणि पूर्वी त्यात वस्त्रं रंगवत.

[दृश्य: सकाळ. तुळस, गवती चहा, पानओवा.]

सकाळचा मान पाल्याचा. तुळस, पुदिना, गवती चहा, कढीपत्ता, पानओवा यांचा सगळा गुण पानांतल्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. ऊन तापलं की ते हवेत जातं. म्हणून पानं सकाळी, दव वाळल्यावर आणि ऊन चढण्याआधी खुडावी. तुळशीला मंजिऱ्या आल्या की शेंडे खुडावे; नाहीतर झाड बियांच्या मागे लागतं आणि पानं बारीक होतात. थोड्या मंजिऱ्या मधमाश्यांसाठी ठेवाव्या, असं मला मनापासून वाटतं. पाण्याचं म्हणाल, तर रोज पाणी पाजलेल्या झाडापेक्षा थोडी तहान सोसलेल्या झाडाचं पान जास्त वासाचं असतं. आपल्या मुलखात ही सोय निसर्गानेच केली आहे.

हिवाळ्यात भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजत असताना कोथिंबीर आणि कांद्याची पात परसातून कापून आणावी. दोन वीत वाफाही घराला पुरतो.

[दृश्य: भेगाळलेली काळी जमीन. जमिनीत पुरलेलं गाडगं.]

आता मातीचं. आपली काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण कुंडीत तीच भरली तर फसगत होते. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, भेगा पडतात आणि मुळं तुटतात. एक भाग काळी माती, एक भाग नदीची रेती, एक भाग कुजलेलं शेणखत असं मिश्रण करा. वर कापलेल्या केळीच्या वाळक्या पानांचं किंवा भुईमुगाच्या टरफलांचं आच्छादन टाका. केळीच्या पट्ट्यात हे फुकट मिळतं.

नळाला रोज पाणी येतंच असं नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झाडांना चालतं. साबणाचं पाणी खायच्या पाल्याला नको. चार दिवस गावाला जायचं असेल तर झाडाशेजारी मातीचं गाडगं गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि वर झाकण ठेवा. मुळांना लागेल तसं पाणी झिरपत राहतं. गाडगं नवं घ्या. जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, म्हणून तर तो पाणी गार करेनासा होतो. मग ‘झाडेस्ले पानी टाकं का व?’ असं शेजारच्या माईला फोन करून विचारायची गरज उरत नाही.

[दृश्य: सदाफुली.]

सदाफुलीबद्दल गंभीरपणे बोलायला हवं. मादागास्करच्या या झाडापासून विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधं मिळाली, हे खरं. पण म्हणून रोज सकाळी तिची पानं चावणं किंवा काढा पिणं धोक्याचं आहे. औषध शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली दिलं जातं; पानातलं विष कुणी मोजलेलं नसतं. सदाफुली बघायला लावा, उन्हात तिच्यासारखी फुलणारी दुसरी नाही. कण्हेरीचंही तसंच. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. या दोघी पाल्याच्या वाफ्यापासून दूर ठेवा.

[दृश्य: मृगाचा पाऊस. फांद्या, ठोंब, हातातून हातात.]

मृग लागला आणि जमीन दोनदा चांगली भिजली की देवाणघेवाण सुरू होते. गवती चहाचा ठोंब फोडून वाटायचा. पानओव्याची वीतभर फांदी नुसती खोचली तरी जगते. मोगऱ्याची खालची फांदी मातीत दाबून ठेवली की पावसाळाभरात मुळं धरते. आणि कुंपणाच्या कडेला अडुळसा लावा. खोकल्यावरचं ब्रोमहेक्सीन ज्या वासिसिनवरून तयार झालं, ते याच्या पानांत असतं. गरोदर बाईने मात्र अडुळसा घेऊ नये. त्याची पानं इतकी कडू की शेळ्या तोंड लावत नाहीत. तो वाढला की आतला पुदिना आणि कोथिंबीर आपोआप राखली जाते.