वर्षाला किती सामने?

(ठाण्यातल्या एका व्याख्यानमालेत जानेवारी 2026 मध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

नेरूळला आमच्या इमारतीच्या गच्चीवरून डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे दिसतात. 20 जानेवारी 2022 च्या संध्याकाळी ते लागले होते आणि आत आपल्या मुली इराणशी खेळत होत्या. महिलांच्या आशियाई चषकाचा सामना, तोही घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर! मी पंचवीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, मुलींना फुटबॉल शिकवला, या दिवसाची वाट पाहिली. पण कोरोनामुळे प्रेक्षकांना आत सोडत नव्हते. मग माझ्या सहा-सात खेळाडूंना घरी बोलावलं आणि टीव्ही लावला. मधूनच एखादी गच्चीवर पळायची, दिवे बघून यायची. सामना 0-0 सुटला. इराणचा संघ या स्पर्धेत पहिल्यांदाच खेळत होता, आपल्याला संधी भरपूर मिळाल्या, गोल काही झाला नाही. पोरी हळहळल्या, पण तीन दिवसांनी चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी सामना होता. सगळं संपलेलं नव्हतं.

23 तारखेला तो सामना झालाच नाही. संघात कोरोना शिरला होता. नियमाप्रमाणे निदान 13 खेळाडू उभ्या करायच्या होत्या, तेवढ्या निरोगी मुली उरल्या नाहीत. भारत स्पर्धेबाहेर गेला आणि नियमानुसार इराणशी झालेला सामनाही रद्द धरला गेला. यजमान आपण, मैदान आपलं आणि तक्त्यात आपल्या नावापुढे काहीच नाही. माझी एक मुलगी, तेव्हा आठवीत होती, तिनं विचारलं, "बाई, म्हणजे आपण बघितला तो सामना झालाच नाही का?"

दोन आठवड्यांनी त्याच मैदानावर अंतिम सामना झाला. दक्षिण कोरियाविरुद्ध चीन 0-2 असा मागे होता, तिथून 3-2 जिंकला. तो आम्ही पूर्ण बघितला. पण त्या मुलीचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. साथ कोणावरही येते, त्याबद्दल कोणाला बोल लावायचा? माझ्या मनात आलं ते वेगळंच. एक स्पर्धा हातची गेली तर या मुलींकडे उरतं काय? यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश होता. त्याआधी आशियाई चषकाच्या मुख्य फेरीत आपण 2003 साली खेळलो होतो. एकोणीस वर्षांची सगळी आशा तीन सामन्यांवर टांगलेली होती, ती का?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. इथे बसलेल्या अनेकांना हे ठाऊक नसेल, मलाही फार उशिरा कळलं. बायकांच्या फुटबॉलची राष्ट्रीय संघटना आपल्याकडे 1975 साली उभी राहिली, पुरुषांच्या फेडरेशनपासून वेगळी. पाच वर्षांत, 1980 साली कालिकतला आशियाई स्पर्धा भरली. त्या स्पर्धेत भारताचे दोन संघ उतरले होते, आणि त्यातला एक अंतिम फेरीत गेला. तैवानकडून 0-2 हरला, पण आशियात दुसरा आला. 1981 ला हाँगकाँगला तिसरा. 1983 ला पुन्हा अंतिम फेरी, या वेळी थायलंडकडून 0-3. शांती मलिक त्याच काळातली खेळाडू. 1983 चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला, फुटबॉलमध्ये हा मान मिळवणारी ती पहिली बाई.

आता जपानकडे बघा. जपानच्या महिला संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो 1981 साली, त्याच हाँगकाँगच्या स्पर्धेत. म्हणजे जपान बूट बांधत होता तेव्हा आपण आशियात दुसरे येऊन बसलो होतो! 1989 मध्ये जपानने मुलींची राष्ट्रीय लीग सुरू केली. सुरुवातीला सहाच संघ होते. ती लीग वर्षानुवर्षं चालत राहिली, पैसे आटले तरी चालत राहिली. 2011 साली जपान जगज्जेता झाला, फ्रँकफर्टला अमेरिकेला हरवून. आपली पहिली राष्ट्रीय महिला लीग सुरू झाली 2016-17 च्या मोसमात. 1989 आणि 2016. ही सत्तावीस वर्षं मला फार टोचतात. कारण जपानच्या मुलींच्या पायात काही वेगळं नव्हतं, आणि आपल्या मुलींच्या पायात काही कमी नव्हतं.

मधल्या काळात काय झालं? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिलांची संघटना मुख्य फेडरेशनमध्ये विलीन झाली. मोठ्या घरात धाकटी सून म्हणून गेल्यासारखं झालं. पहिला महिला विश्वचषक 1991 ला चीनमध्ये झाला. त्याची पात्रता ज्या आशियाई स्पर्धेतून ठरणार होती, तिच्यात आपला संघच नव्हता. पुढे अशी वेळ आली की 2009 साली फिफाने क्रमवारीतून भारताच्या महिला संघाचं नाव काढून टाकलं. कारण एवढंच, की दीड वर्ष संघाने एकही सामना खेळला नव्हता. हरल्या म्हणून नाव गेलं नाही. खेळवल्याच नाहीत म्हणून गेलं.

अशा काळातही खेळाडू घडत होत्या, त्यांच्यापुढे मी हात जोडते. मणिपूरची बेमबेम देवी घ्या. लहानपणी मुलांच्या संघात खेळता यावं म्हणून तिनं मुलाचं नाव सांगितलं होतं. पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली, वीस-एकवीस वर्षं खेळली. 2020 मध्ये तिला पद्मश्री मिळाली. तिला आणि बाला देवीला मणिपूर पोलिसांत नोकरी होती, हे मी मुद्दाम सांगते. मणिपूरच्या इतक्या मुली भारतीय संघात का, असं लोक विचारतात आणि डोंगरातल्या पाण्याचं, रक्ताचं काहीतरी उत्तर देतात. तिथे वस्तीवस्तीत मुलींचे संघ आहेत, आणि खेळणारीला नोकरीत घेणारं पोलीस खातं आहे. चौथीत बॉलला पाय लावणाऱ्या मुलीच्या आईला पुढचा रस्ता दिसतो. बाला देवी 2020 मध्ये ग्लासगोच्या रेंजर्स क्लबकडे गेली. 2022 मध्ये मनीषा कल्याण सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, तिच्याआधी कुठलाही भारतीय तिथे खेळला नव्हता.

दक्षिण आशियात आपण 2010 ते 2019 सलग पाच वेळा सॅफ, म्हणजे इथल्या देशांची स्पर्धा, जिंकलो. मग 2022 आणि 2024, दोन्ही वेळा बांगलादेश. याची कारणं शोधायला लांब जायला नको. 2011 पासून बांगलादेशात प्राथमिक शाळांतल्या मुलींची देशभर फुटबॉल स्पर्धा होते. मैमनसिंग जिल्ह्यात, मेघालयच्या सीमेजवळ, कलसिंदूर नावाचं गाव आहे. तिथल्या एका सरकारी प्राथमिक शाळेतून राष्ट्रीय संघाला खेळाडूंमागून खेळाडू मिळाल्या. एक शाळा, एक मैदान, पोरींना खेळायला लावणारे शिक्षक, आणि होत राहणारी स्पर्धा. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण शाळा माझ्याकडेही होती.

आता आपल्या अंगणात येते. माझ्याकडे एक वही आहे. माझ्या हाताखाली खेळलेल्या प्रत्येक मुलीचा प्रत्येक सामना मी तिच्यात लिहिते. एक मुलगी होती, डाव्या पायाची, बचावफळीत खेळायची. इतकी चांगली डिफेंडर मला पुन्हा मिळाली नाही. पाचवी ते दहावी माझ्याकडे होती. सहा वर्षांत तिचे पूर्ण मैदानावरचे, पंचांनी शिट्टी वाजवलेले सामने झाले एकतीस. वर्षाला पाच. निवड चाचणीला गेली तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, "किती सामने खेळलीस?" ती म्हणाली, "मी रोज सराव करते." तिचं उत्तर खरं होतं, पण विचारलं होतं दुसरंच. तिची निवड झाली नाही.

पाचच का? शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. ठाणे महापालिकेच्या शाळांची वेगळी, नवी मुंबईची वेगळी. तिथून विभाग, तिथून राज्य. पावसाळ्यात तारीख येते, चिखलात पहिला सामना होतो, हरलात की वर्ष संपलं. म्हणजे ज्या संघाला खेळण्याची सगळ्यात जास्त गरज, तो सगळ्यात कमी खेळतो. बचावाच्या खेळाडूला चूक करायला आणि ती पुढच्या आठवड्यात सुधारायला जागा लागते. बाद पद्धतीत पुढचा आठवडा नसतो.

कोणी म्हणेल, हल्ली टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताची छोटी मैदानं, झालेत ठिकठिकाणी. घोडबंदरला आहेत, वाशीला आहेत, पुलाखालीसुद्धा आहेत. मुली तिथे जातात, आनंदानं खेळतात, मला ते आवडतं. पण टर्फवर पाच-पाच जणी खेळतात, ऑफसाइड नाही, लांब पास मारला तर बॉल जाळीला लागून परत येतो. मोठं मैदान शंभर मीटर लांब असतं. या कडेचा बॉल त्या कडेला कधी टाकायचा, बचावाची रांग एकदम पुढे कशी सरकवायची, नव्वद मिनिटांत दम कसा पुरवायचा, हे टर्फवर कळत नाही. शिवाय तासाचं भाडं. दहा जणींत वाटलं तरी धुणीभांडी करणाऱ्या आईला ते परवडत नाही.

आणि मैदान असलं तरी ते मुलींचं नसतं. संध्याकाळी पाच ते सात मैदान मुलांचं, हा कुठेही न लिहिलेला कायदा आहे. एकदा आमचा सामना ठरलेला, समोरचा संघ एसटीनं आलेला, आणि गोलपोस्टच्या जागी लग्नाचा मांडव! परवानगीचं पत्र माझ्या हातात होतं. म्हणून मुंब्र्याच्या मुलींचं मला फार कौतुक वाटतं. परचम नावाच्या संस्थेबरोबर 2012 च्या सुमारास त्या फुटबॉल खेळायला लागल्या आणि पुढे त्यांनी मागणी केली ती मैदानाची. मुलींसाठी राखीव जागा द्या, वेळ द्या. ठाण्यापासून दोन स्टेशनांवर हे घडलंय. त्यांना नेमकं कळलं होतं काय मागायचं ते.

राष्ट्रीय लीगकडे परत येते. पहिल्या काही मोसमांत ती लीग कमी, शिबिर जास्त होती. सगळे संघ एका गावात गोळा करायचे, थोड्या आठवड्यांत सगळं उरकायचं. 2023-24 मध्ये पहिल्यांदा घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर, अशी खरी लीग झाली. सात संघ, प्रत्येकाला बारा सामने. पुढच्या मोसमात आठ संघ, चौदा सामने. ईस्ट बंगालने ती जिंकली. इंग्लंडच्या लीगमध्ये त्याच काळात एका संघाला बावीस सामने होते आणि चषकाच्या स्पर्धा वेगळ्या. चौदा थोडेच आहेत. पण शून्यावरून आलेले चौदा आहेत, आणि त्यांचा परिणाम लगेच दिसला असं माझं स्पष्ट मत आहे.

5 जुलै 2025, थायलंडमधलं चियांग माई. आशियाई चषकाच्या पात्रतेचा शेवटचा सामना, समोर यजमान थायलंड. आपण त्यांना कधीच हरवलं नव्हतं. 1983 चा तो 0-3 आठवतोय ना? एकोणतिसाव्या मिनिटाला संगीता बासफोरनं लांबून गोल मारला. मध्यंतरानंतर लगेच थायलंडनं बरोबरी केली. पूर्वीचा आपला संघ इथे कोसळायचा, हे मी अनेकदा बघितलंय. या मुली कोसळल्या नाहीत. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला पुन्हा संगीता, या वेळी डोक्यानं. 2-1. पात्रता फेरी खेळून भारतीय महिला आशियाई चषकात पोहोचल्या, हे पहिल्यांदा घडलं. कोणी यजमानपद दिलं म्हणून नव्हे. त्याच वर्षी वीस वर्षांखालच्या आणि सतरा वर्षांखालच्या मुलीही आपापल्या आशियाई स्पर्धांना पात्र ठरल्या.

येत्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात ही स्पर्धा आहे. आपल्या गटात जपान, व्हिएतनाम आणि पुन्हा चायनीज तैपेई. निकाल काय लागेल ते मी सांगणार नाही. जपानशी सामना म्हणजे त्या सत्तावीस वर्षांशी सामना. गोल जास्त बसले तर त्या मुलींना नावं ठेवू नका, एवढं मागते.

गेल्या 2 नोव्हेंबरला त्याच डी. वाय. पाटीलवर आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. या वेळी आत लोक होते. आम्ही सगळ्या गच्चीवर होतो, आणि दिव्यांबरोबर आवाज येत होता. चार वर्षांपूर्वीची ती आठवीतली मुलगी आता कॉलेजात आहे. कठड्याला रेलून ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, आपले सामने कधी ठरवायचे?"

ते आता ठरलेत. ठाणे, मुंब्रा, ऐरोली, नेरूळ, पनवेल इथले आम्ही काही शिक्षक आणि प्रशिक्षक एकत्र आलो. सोळा वर्षांखालच्या मुलींचे आठ संघ आहेत. प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळणार, म्हणजे प्रत्येकीला चौदा सामने, एकूण छप्पन्न. हरलं तरी पुढच्या रविवारी सामना आहे. बॉल मिळालेत, जाळ्या मिळाल्यात, दोन ठिकाणी मैदान सकाळी साडेसहा ते साडेनऊ मिळालंय. पंच मात्र कमी पडताहेत. या सभागृहात कॉलेजात फुटबॉल खेळलेले बरेच जण असतील, कोणी पंचांची परीक्षा दिलेलेही असतील. लाइनवर झेंडा घेऊन उभं राहायलाही माणसं हवीत. मी खाली दाराशी वही घेऊन थांबते. नाव आणि कुठला रविवार जमेल, एवढं लिहून जा.