गंधकाने वळवलेला प्रवाह

श्रोतेहो, नमस्कार. आर्क वेल्डिंग चालू असताना ठिणग्यांखाली वितळलेल्या धातूचे एक इवलेसे डबके क्षणभर तयार होते आणि लगेच थिजते. संगणकावर त्याचे गणित कसे मांडतात, हा आजचा विषय आहे.

या गणिताची सुरुवात रोझेंथाल या संशोधकांच्या १९४१ सालच्या सूत्रांपासून धरतात. सरकत्या बिंदूतून आलेली उष्णता धातूत कशी पसरते, एवढेच त्यांत होते. वितळलेला धातू वाहतो, याचा हिशेब नव्हता. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे कोडे इथेच अडले.

स्टेनलेस स्टीलच्या एकाच प्रतीच्या दोन खेपा घेतल्या. करंट तोच, वेग तोच, हवा दूर ठेवणारे आरगॉन वायूचे आवरण तेच. तरी एका खेपेत सांधा मुळापर्यंत भरे आणि दुसरीत वेल्ड रुंद आणि उथळ राही. अशा वेळी वेल्डरच्या हाताला दोष देणे फार सोपे असते, आणि मला ती सवय मुळीच आवडत नाही. १९८२ साली हाइपल आणि रोपर या संशोधकांनी याचे कारण मांडले, ते म्हणजे पोलादातील गंधकाचा अंश. गंधक अत्यल्प असले, तर डबक्याच्या तापलेल्या मध्यावर पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची ओढ, कमी आणि कडेला जास्त असतो. त्यामुळे पृष्ठभागावरचा धातू कडेकडे ओढला जातो आणि उष्णताही कडेला नेतो. दहा लाख भागांत शंभरेक भाग गंधक असले, की तापमानाबरोबर पृष्ठताण वाढू लागतो, प्रवाह उलटतो, कडेचा धातू मध्याकडे येऊन खाली बुडी मारतो आणि उष्णता तळाशी पोहोचवतो. पुन्हा सांगतो : गंधक कमी, तर प्रवाह बाहेर आणि वेल्ड उथळ, गंधक पुरेसे, तर प्रवाह आत आणि वेल्ड खोल. गंमत अशी, की शुद्धीकरण सुधारून गंधक घटले, तेव्हा अधिक स्वच्छ पोलादच वेल्डरला जड जाऊ लागले.

म्हणून आजच्या प्रतिमानात, म्हणजे संगणकावरच्या गणिती नमुन्यात, उष्णतेच्या समीकरणासोबत प्रवाहाचीही समीकरणे सोडवतात आणि त्यांत पृष्ठताण, विद्युतचुंबकीय बल व उत्प्लावकता (तापून हलका झालेला द्रव वर येण्याची ओढ) धरतात. पडद्यावरच्या रंगीत चित्रांवर मात्र माझा भरवसा नाही. वेल्ड आडवा कापून, आम्लाने उजळून, त्याच्या छेदाशी चित्र जुळवावे लागते. ते जुळले नाही, तर पोलादाच्या चाचणी-प्रमाणपत्रावरचा गंधकाचा आकडा गणितात घातला आहे की नाही, हे आधी तपासावे.