गेटाबाहेरचं तिकीट

(इंदूरच्या मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. निमंत्रणपत्रिकेवर विषय ‘खेळ आणि नागरिक’ असा छापलाय. मी बोलणार आहे ब्लॅकच्या तिकिटांबद्दल. त्यावर माझ्याकडे एक उपाय आहे, तो शेवटी मांडतो. वेळ पाऊण तासाची आहे, तेव्हा सुरुवात करतो.

होळकर स्टेडियमवर मॅच लागली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘तिकिटाची सोय झाली का?’ तिकीट घेतलं का, असं कोणी विचारत नाही. सोय करायची असते. कोणाचा मेहुणा पोलिसात असतो, कोणाचा वर्गमित्र पालिकेत. ज्याचं कोणीच कुठे नसतं, तो रात्री मोबाईल घेऊन बसतो आणि साइट उघडेपर्यंत स्वस्त स्टँड संपलेला असतो. मग तो मॅचच्या दिवशी सकाळी स्टेडियमबाहेरच्या रेसकोर्स रोडला येतो. त्याच माणसाबद्दल मला बोलायचंय.

मॅच असली की मी दुपारी जंजीरवाला चौराह्याकडून चालत निघतो आणि अभय प्रशालच्या बाजूला चहा घेत उभा राहतो. आत जायचं असो वा नसो, हे मी करतोच. तिथे जो बाजार भरतो तो नीट बघण्यासारखा असतो. ब्लॅक करणारा ओरडत नाही. तुमच्या बाजूने चालत येतो, समोर बघत राहतो आणि हळूच विचारतो, “भिया, एक्स्ट्रा है क्या?” लक्षात घ्या, तो आधी विकायला येत नाही, घ्यायला येतो. खांद्यावर टी-शर्टांची चळत असते, हातात चार झेंडे. तिकिटं त्याच्या खिशात एक किंवा दोनच. बाकीची कुठल्या तरी दुकानात नाहीतर उभ्या स्कूटरच्या डिकीत. पकडला गेला तर एवढंच जावं, हा हिशेब.

एक व्यवहार सांगतो, अगदी हाताच्या अंतरावर झालेला. साठीचे एक गृहस्थ, बोलण्यावरून रामबागेकडचे वाटले, घरची पाच तिकिटं घेऊन आले होते. सुनेला ताप आला म्हणून एक उरलं. बाराशेचं तिकीट. पोरगा आला, तिकीट उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाला, “काका, अकेली सीट कौन लेगा? टॉस होने वाला है. चार सौ दे दूँ?” काका घुटमळले. घरी नेऊन त्या कागदाचं करायचं काय? दिलं चारशेला. पोरगा रस्ता ओलांडून पलीकडे गेला. तिथे महूहून आलेला कॉलेजचा एक मुलगा एकटाच उभा होता. त्याला हेच तिकीट अडीच हजारांना गेलं. मध्ये पाच मिनिटंही गेली नसतील.

आता बघा, काका आणि तो मुलगा एकमेकांपासून एका हाकेवर उभे होते. काकांना बाराशे मिळाले असते तर ते खूश होते, मुलाला बाराशेत मिळालं असतं तर तो खूश होता. त्यांची गाठ घालून देईल अशी एक खिडकी त्या अख्ख्या रस्त्यावर नव्हती. ती नव्हती म्हणून एकवीसशे रुपये मधल्या मध्ये गेले. माझं सगळं म्हणणं या एका व्यवहारात आहे.

भाव कसा फिरतो तेही बघण्यासारखं आहे. आदल्या रात्री चढा, सकाळी आणखी चढा. टॉस झाला की जरा घसरतो. आपली बॅटिंग पहिली असेल तर पुन्हा उचलतो. मॅच सुरू होऊन पाच-दहा ओव्हर झाल्या की तेच तिकीट छापील किमतीखाली येतं, कारण हा माल उद्या विकता येत नाही. काही जाणकार मुद्दाम राष्ट्रगीत होईपर्यंत थांबतात. पण लांबून आलेला, सोबत लहान मूल असलेला माणूस थांबू शकत नाही. चढा भाव तोच देतो. पैसेवाला भरतो आणि गरीब वाचतो, असं या बाजारात होत नाही; ज्याला थांबता येत नाही तो भरतो.

आणि खोट्या तिकिटाचं काय? देवासहून आलेले एक वडील आणि त्यांची मुलगी मला गेटापाशी दिसली. कोणीतरी सांगितलं होतं म्हणून दोघांच्या आधारकार्डाच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावून आणल्या होत्या. गेटावरच्या पोराने बारकोड तीनदा लावून बघितला. हे तिकीट आधीच आत गेलंय, म्हणाला. एकाच तिकिटाच्या रंगीत प्रती काढून चार जणांना विकल्या होत्या. जो पहिला पोचला तो आत. वडील वाद घालत राहिले. मुलगी त्यांचा शर्ट ओढत होती, “बाबा, चला.” मागची रांग ओरडत होती. तक्रार करायची कोणाकडे? विकणाऱ्याचं नाव नाही, पावती नाही, आणि घेणाऱ्यालाच वाटतं की आपणही काहीतरी चोरून केलंय. या धंद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट मला हीच वाटते. ज्याची फसवणूक झाली तोच मान खाली घालून घरी जातो.

इथले जुने लोक नेहरू स्टेडियम विसरले नसतील. २५ डिसेंबर १९९७, भारत आणि श्रीलंका. पिच इतकी खराब की तीन ओव्हरनंतर मॅच रद्द झाली. अठरा चेंडू! मागे कोणीतरी हात वर केलाय, म्हणजे होतात तुम्ही तिथे. नंतर लोकांच्या समाधानासाठी एक प्रदर्शनी सामना खेळवला. ज्याने खिडकीवरून तिकीट घेतलं त्याला निदान भांडायला एक दार होतं. ज्याने बाहेरून चौपट देऊन घेतलं तो कोणाच्या दारात जाणार? सी. के. नायडूंचं, मुश्ताक अलींचं, चंदू सरवट्यांचं, अशा मोठ्या क्रिकेटपटूंचं हे गाव. होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी करंडक आणला. अशा गावात खेळ बघायला आलेल्या माणसाला ही वागणूक मिळावी, याचा मला मनापासून राग येतो.

आता मूळ प्रश्न. ही तिकिटं बाहेर येतात कुठून? सगळा दोष त्या झेंडे विकणाऱ्या पोरावर टाकून आपण मोकळे होतो. तो शेवटचा माणूस आहे. काही तिकिटं येतात रांगेत रोजाने उभ्या केलेल्या माणसांकडून, काही एकाच घरातल्या दहा मोबाईलवरून आणि काही पासांमधून. पासांची गोष्ट इंदूरला सांगायला नको. २४ ऑक्टोबर २०१८ची भारत-वेस्ट इंडीज वनडे आपल्याकडे व्हायची होती. क्रिकेट बोर्डाच्या नव्या घटनेत असं आलं होतं की नव्वद टक्के तिकिटं जनतेला विकायची, फुकट पास दहा टक्क्यांपर्यंतच. त्या पासांच्या वाटणीवरून बोर्ड आणि इथली संघटना यांचं जमेना आणि मॅच विशाखापट्टणमला गेली. तिथे विराट कोहलीने वनडेतल्या दहा हजार धावा पुऱ्या केल्या, १५७ वर नाबाद राहिला आणि मॅच टाय झाली, ३२१ विरुद्ध ३२१. आपण ती टीव्हीवर बघितली. कोण बरोबर होतं या वादात मी जात नाही. पण इतकी मोठी मॅच एका शहरातून केवळ पासांपायी जाऊ शकते, म्हणजे पास ही केवढी मोठी गोष्ट असेल! आणि फुकट मिळालेला पास विकताना तर माणसाला काहीच वाटत नाही.

मघाशी अध्यक्षांनी हळूच विचारलं की क्रिकेटपुरतंच बोलणार का. नाही. ब्लॅकचं तिकीट जीव घेऊ शकतं हे जगाला फुटबॉलने शिकवलं. क्रिकेटला आपण मिसळून बसतो. शेजारचा कोणाच्या बाजूचा आहे याने फारसं बिघडत नाही. फुटबॉलमध्ये दोन बाजूंचे समर्थक वेगवेगळे बसवतात, त्यामुळे तिथे तिकीट हा नुसता प्रवेश नसतो, कोणी कुठे बसायचं हे ते ठरवतं.

२९ मे १९८५, ब्रुसेल्सचं हेझेल स्टेडियम, युरोपियन कपची फायनल, इंग्लंडचा लिव्हरपूल विरुद्ध इटलीचा युव्हेंटस. लिव्हरपूलवाल्यांच्या शेजारचा झेड नावाचा भाग तटस्थ बेल्जियन प्रेक्षकांसाठी राखला होता. पण त्यातली बरीचशी तिकिटं दलालांच्या आणि एजंटांच्या हातून युव्हेंटसच्या समर्थकांपर्यंत गेली. मध्ये काय होतं? एक साधं तारेचं कुंपण. सामना सुरू व्हायच्या तासभर आधी लिव्हरपूलच्या बाजूने हल्ला झाला, झेडमधले लोक पळत भिंतीकडे गेले, रेटारेटी झाली, भिंत कोसळली. ३९ माणसं गेली. हल्ला करणाऱ्यांचा गुन्हा त्यांच्या जागी आहेच, स्टेडियमही मोडकळीला आलेलं होतं. पण ती माणसं त्या जागी पोचली ती हातोहात फिरलेल्या तिकिटांवर. ज्याने विकलं त्याने फक्त नोटा मोजल्या, घेणारा कुठे बसणार हे बघायचं त्याला कारणच नव्हतं.

आपल्याकडे १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यात स्टँडमध्ये मारामारी होऊन चेंगराचेंगरीत १६ जण गेले. त्याचा दोष मी तिकिटांवर टाकत नाही. फुटबॉलची गर्दी किती नाजूक असते एवढ्यासाठीच सांगितलं.

पुढे १९८९ साली इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर चेंगराचेंगरी झाली, तिच्यात ९७ जण गेले. तिकीट नसलेल्या लोकांनी गर्दी केली म्हणून हे झालं, असा ओरडा तेव्हा झाला. न्यायमूर्ती लॉर्ड टेलर यांच्या चौकशीने तो खोडून काढला आणि मुख्य दोष पोलिसांच्या बंदोबस्तावर ठेवला. तरीही अंतिम अहवालात त्यांनी सुचवलं की सामन्याच्या दिवशी यजमान क्लबच्या परवानगीशिवाय तिकीट विकणं गुन्हा ठरवण्याचा विचार करावा. १९९४ साली इंग्लंडमध्ये तसा कायदा झाला. तो फुटबॉलसाठी आहे, गाण्याच्या कार्यक्रमाला लागू नाही. आणि छापील किमतीला विकलं तरी तो गुन्हाच, कारण त्या कायद्याचा मुद्दा जागेचा आहे, पैशाचा नाही.

याच्या अगदी उलट टोक बघा. २०२६च्या फुटबॉल विश्वचषकासाठी फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, स्वतःच पुनर्विक्रीचा बाजार उघडला. अमेरिकेत विकणाऱ्याने हवी ती किंमत लावायची आणि फिफाने घेणाऱ्याकडून १५ टक्के, विकणाऱ्याकडूनही १५ टक्के घ्यायचे. मेक्सिकोत तिथल्या लोकांना मात्र छापील किमतीलाच तिकिटांची अदलाबदल करायची सोय ठेवली. म्हणजे एकाच स्पर्धेत दोन रिती. गेटाबाहेरच्या पोराला पोलीस हाकलतात आणि तेच काम संयोजक ऑफिसात बसून करतात. याला मी उपाय म्हणणार नाही.

चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं. म्हणजे मुख्य मुद्दा आता भराभर सांगावा लागणार.

तुमच्यातले कितीतरी जण अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला जाता. रेल्वेचं तिकीट ब्लॅक करणं हा १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण नुसत्या शिक्षेने दलाल हटले असते का? खरं काम केलं ते तीन गोष्टींनी. तिकिटावर नाव असतं. जायचं रद्द झालं तर ते परत करता येतं, काही कापून पैसे मिळतात. आणि तुमची सुटलेली जागा आपोआप वेटिंगमधल्या पुढच्या माणसाला जाते. घरच्याच माणसाच्या नावावर तिकीट करायचं असेल तर गाडी सुटायच्या चोवीस तास आधी अर्ज करता येतो. ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. तीच मॅचला लावा.

मॅचच्या तिकिटावर नाव छापा. परत घ्यायची खिडकी उघडा, ऑनलाइन आणि स्टेडियमबाहेरही, टॉस होईपर्यंत. परत करणाऱ्याला शंभरातले नव्वद द्या, दहा संयोजकांनी ठेवावेत. ते तिकीट वेटिंगवाल्याला छापील किमतीला जाईल आणि जुना बारकोड त्याच क्षणी बाद होईल. रामबागेचे काका आणि महूचा मुलगा, दोघांचंही काम होईल. देवासच्या मुलीला गेटावरून परतावं लागणार नाही. कोणी म्हणेल, नाव तपासायला गेटावर वेळ लागेल. सगळ्यांची तपासू नका, अधूनमधून तपासा. रेल्वेत टीसीही प्रत्येकाचं ओळखपत्र बघत नाही, तरी धाक राहतो.

दुसरं, पासांची यादी जाहीर करा. नावं नकोत, आकडे द्या: कुठल्या खात्याला किती, प्रायोजकांना किती, खेळाडूंना किती. पासावरही नाव छापा आणि पास दुसऱ्याला देता येणार नाही असं करा. वापरायचा नसेल तर तो त्याच खिडकीवर परत यावा आणि जनतेला विकला जावा.

तिसरं, त्या पोरांबद्दल. कृपा करून मला असं विचारू नका की त्यांच्या पोटाचं काय. मी त्यांच्याशी बोलतो. त्यांना रोजचे ठरलेले पैसे मिळतात, मोठा वाटा वर जातो. खिडकी उघडली तर तिथे रांग सांभाळायला, तिकीट तपासायला माणसं लागतीलच. त्यांना त्या कामावर घ्यावं अशी माझी मागणी आहे, आणि तीही अर्जात लिहिली आहे.

हो, अर्ज टाइप करून आणलाय. राज्याच्या क्रिकेट संघटनेला एक प्रत, जिल्हाधिकाऱ्यांना एक. दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय, पेन बांधून ठेवलंय. सही करणाऱ्यांनी पूर्ण नाव आणि वॉर्ड क्रमांक लिहावा. पुढची मॅच जाहीर होण्याच्या आत तो पोचायला हवा, नंतर सगळे तिकिटाच्या सोयीला लागतात. आता दोन प्रश्न घेता येतील. त्या मागच्या काकूंनी मघापासून हात वर केलाय, आधी त्यांना माइक द्या.