चूक पोटात घालणारं धनुष्य

मंडळी, पावसाळा संपून तिरंदाजीचा सराव सुरू झाला की दर वर्षी दोन-तीन घरं तरी माझ्याकडे एक लांबट काळी पेटी घेऊन येतात. अमेरिकेतल्या मामाने नाहीतर काकाने आणलेली. यंदा कोथरूडहून एक बाबा आले, सोबत पंधरा वर्षांचा मुलगा. पेटीत शिकारीचं कंपाउंड धनुष्य, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं. पानापाचोळ्याचे रंग, एका चाकाच्या एक्सलपासून दुसऱ्याच्या एक्सलपर्यंत ३० इंच, मुठीपासून दोरीपर्यंतची ब्रेस हाइट ६ इंच. बाबा म्हणाले, "सर, सेकंदाला ३४० फूट!" मुलाने तो आकडा आधीच पाठ केलेला होता.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. पण ही धनुष्यं, त्यांचे कॅटलॉग आणि व्हिडिओ येतात ते शिकार चालते त्या देशांतून. त्यामुळे पुण्यातली मुलंसुद्धा धनुष्य निवडताना आधी वेग बघतात. म्हणून आज त्या आकड्यापासूनच सुरुवात करतो.

हा वेग ठरावीक अटींवर मोजलेला असतो. ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, ७० पौंड; ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी ओढल्यावरची लांबी, ३० इंच; बाण ३५० ग्रेनचा, म्हणजे २३ ग्रॅमच्या आतबाहेर. आता इथे बसलेल्यांपैकी किती जणांचा ड्रॉ ३० इंच आहे? माझ्याकडच्या बहुतेक मुलांचा २६ ते २८ इंच भरतो. ड्रॉ एक इंच कमी झाला की साधारण १० फूट वेग जातो. वजनाचं म्हणाल, तर जागतिक स्पर्धेत कंपाउंडला ६० पौंडांची मर्यादाच आहे. २७ इंच आणि ५५ पौंडांवर लावलं की तेच ३४० चं धनुष्य २८० च्या आसपास येतं. आकडा खोटा नाही, पण तो तुमचाही नाही.

आता हा वेग येतो कुठून ते पाहू. धनुष्य ताणलेलं नसताना ग्रिपच्या खोबणीपासून दोरीपर्यंत जे अंतर असतं, ती ब्रेस हाइट. ती कमी केली की दोरी बाणाला जास्त अंतर ढकलते, म्हणून वेग वाढतो. इंचाला पुन्हा तेच, दहाएक फूट. यावर सगळीकडे एक गोष्ट सांगितली जाते, की कमी ब्रेस हाइटमध्ये बाण दोरीवर जास्त वेळ राहतो, म्हणून हाताची चूक त्याच्यात जास्त उतरते. मी एकदा कागदावर हिशेब केला. शेवटचा इंच पार करताना बाणाने जवळजवळ पूर्ण वेग घेतलेला असतो. त्या इंचाला सेकंदाच्या दहा हजार भागांतले तीन भाग लागतात. एवढ्या वेळात तुमचं मनगट काय बिघडवणार? माझ्या मते खरी कारणं दोन, आणि ती दुसरीकडेच आहेत.

पहिलं कारण म्हणजे हँडलचा आकार. ब्रेस हाइट कमी करायची तर ग्रिप दोरीच्या जवळ, म्हणजे लिंब (धनुष्याचे वाकणारे दोन हात) जिथे बसतात त्या रेषेच्या मागे घ्यावी लागते. मार्केट यार्डात हातगाडीवाले बघा. गाडी पुढून ओढली की ती मुकाट मागे सरळ येते. मागून ढकलली की मनगट जरा वळलं तरी गाडीचं तोंड फिरतं. ग्रिप लिंबांच्या पुढे असलेलं धनुष्य ओढलेल्या गाडीसारखं वागतं, मागे असलेलं ढकललेल्या गाडीसारखं. नवी हँडल पूर्वीपेक्षा पुष्कळ ताठ आणि चांगली झाली आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगतो. नुसती ब्रेस हाइट वाचून निकाल देऊ नका.

दुसरं कारण कॅम, म्हणजे टोकांवरची ती चाकं. सौम्य कॅमचा ताण पर्वतीच्या पायऱ्यांसारखा असतो, चढत जातो आणि उतरत जातो. वेगवान कॅम एकदम कडा चढवतो, वरच ठेवतो आणि शेवटी धाडकन खाली सोडतो. त्या खालच्या जागेला आम्ही व्हॅली म्हणतो. ती अरुंद असली की पाठीचा ताण केसभर सैल पडला तरी धनुष्य हात पुढे खेचून नेतं. ताज्या दमाच्या मुलाला हे जाणवतही नाही. साठाव्या बाणाला जाणवतं.

लांबीचं थोडक्यात सांगतो. दोरीवरून चालणारा डोंबारी हातात लांब काठी का धरतो? तेच कारण. ३८ इंची धनुष्य कलायला वेळ घेतं, ३० इंची पटकन कलतं. शिवाय आखूड धनुष्याच्या दोरीचा कोन इतका तीव्र होतो की ती नाकाला नीट टेकत नाही, मग मुलं मान पुढे काढतात.

इंग्रजीत ज्याला फर्गिव्हनेस म्हणतात, त्याला मी मराठीत चूक पोटात घालणं म्हणतो. आईसारखं. चूक झालेली असते, पण ती चारचौघांत दिसू देत नाही. आपल्या खेळात चूक केवढी असते? पीप म्हणजे दोरीतलं बघायचं छिद्र, साइट म्हणजे पुढची नेम धरायची खूण; त्या दोन्हींत साधारण ८५ सेंटिमीटर अंतर धरा. साइट एक मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर बाण जवळपास सहा सेंटिमीटर सरकतो. आणि ८० सेंटिमीटरच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ आहे ८ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे मध्यापासून चारच सेंटिमीटर. एका मिलिमीटरने दहा गेला. असे बहात्तर बाण मारायचे असतात.

मग वेगाचा उपयोगच नाही का? आहे, आणि तो कुठे ते नीट पाहू. ५० मीटरवर सेकंदाला ३०० फुटांच्या वेगाचा बाण सुमारे दीड मीटर खाली येतो, २७० फुटांचा एक मीटर ऐंशी सेंटिमीटर. पण आपलं अंतर ठरलेलं आहे. साइट एकदा लावली की तो उतार दर वेळी तोच. शिकाऱ्याला अंतर डोळ्याने ठरवावं लागतं, तिथे वेग चुकीच्या अंदाजाला सांभाळून घेतो. पण किती? समजा त्याने ३० मीटर धरलं आणि हरीण निघालं ३२ वर. हवेचा अडथळा सोडून दिला तर ३०० फुटांचा बाण पावणेचार सेंटिमीटर खाली लागेल, २७० चा साडेचारच्या थोडा पुढे. फरक एका सेंटिमीटरचाही नाही. अंदाज पाच मीटरने चुकला तर फरक अडीच सेंटिमीटरच्या आसपास जातो. तिकडे लोक असंही म्हणतात की दोरीचा आवाज ऐकून हरीण दबतं, म्हणून वेग हवा. आवाज ३० मीटर जायला सेकंदाचा अकरावा भाग घेतो, बाण ३०० फुटांचा असला तरी तिसरा भाग. आवाजाला हरवणारं धनुष्य कोणी बनवलेलं नाही.

आणि शिकाऱ्याची अवस्था आठवा. थंडीत झाडावर तासन्‌तास न हलता बसलेला, आखडलेला माणूस. एकच बाण, तोही अंग न तापवता. चूक त्याच्याच हातून जास्त होणार, आणि तिची शिक्षा टार्गेटच्या कागदाला होत नाही, जिवंत जनावराला होते. शिकार मला मान्य नाही, पण ती जे करतात त्यांना माझं सांगणं हेच राहील: २० फूट सोडा आणि पोटात घालणारं धनुष्य घ्या.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. माझं दुसरं कंपाउंड मी वेग बघूनच घेतलं होतं. दुकानदाराने माझा ड्रॉ मोजला नाही, अर्धा इंच लांब लावून दिला, कारण त्याने आकडा आणखी वाढत होता. पहिले तीस बाण इतके सुरेख गेले की मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं. मग महिनाभर डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली, जांभळाच्या रंगाचा पट्टा. दोरी लागायची. ती लागणार या भीतीने मी कोपर वळवायला लागलो, त्याने ग्रिप वळायला लागली. ती सवय मोडायला मला दोन हंगाम लागले.

म्हणून पालकहो, आधी ड्रॉ मोजून घ्या. तो चुकला तर बाकी सगळी चर्चा फुकट. वेगासाठी बाण हलका करत जाऊ नका. ड्रॉ वेटच्या दर पौंडाला पाच ग्रेनच्या खाली गेलात तर लिंबांवर रिकामी दोरी सोडल्यासारखा मार बसतो. आणि छोट्या मुलाच्या हातात केवळ स्थिर म्हणून ४० इंची जड धनुष्यही देऊ नका. जे पाच मिनिटांत खांदा पाडतं, ते कसली चूक पोटात घालणार?

त्या मुलाचं काय झालं ते सांगतो. आम्ही सरावाच्या शेवटी, तो पूर्ण दमल्यावर, मामाच्या धनुष्याने बारा बाण मारले आणि मैदानावरच्या जुन्या ३७ इंची धनुष्याने बारा. दोन्ही त्याच्या २६ इंचांवर लावलेली, ड्रॉ वेट सारखं. मग चांगले बाण मोजलेच नाहीत. दोन्हीकडचे सगळ्यात वाईट तीन-तीन बाण शोधले आणि मध्यापासून पट्टीने अंतर मोजलं. पट्टी मुलाच्याच हातात होती. पहिल्या टार्गेटपाशी तो बराच वेळ उभा राहिला, मग पट्टी बाबांकडे दिली आणि म्हणाला, "तुम्हीच बघा."

२०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडमध्ये जगज्जेती झाली. नागपूरचा ओजस देवतळे त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत पंधराच्या पंधरा बाण दहात मारून जिंकला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येते आहे. त्यामुळे यापुढे काळ्या पेट्या वाढणार, हे मला दिसतंय. जरूर आणा. मागच्या टेबलावर तीन वेगवेगळी धनुष्यं ठेवली आहेत, ती आज हातात घेऊन बघा. रविवारी मैदानावर ती मारायलाही मिळतील. फक्त आधी आपल्या नेहमीच्या धनुष्याने साठ बाण मारून, दमून या.