आठवड्याची पुडी

हर्णै बंदर. ऑगस्ट लागलाय, मासेमारीची बंदी उठलीय, पण आभाळ अजून उघडलेलं नाही.

बंदरामागच्या आळीत, पडवीतल्या खाटेवर आजी बसल्यात. न्यूमोनियातून उठून तीन आठवडे झाले. ताप गेला, पण न्हाणीघरापर्यंत जाऊन आलं तरी धाप लागते.

सून व्हिटॅमिन डीच्या पुडीचं टोक कापते. कोमट दुधात भुकटी पडते, चमच्यामागे दाणे गरगर फिरतात. आजी विचारतात, "ह्यानं दम लागायचा थांबेल ना गं?"

हाच प्रश्न काबूलमध्ये तपासला गेला. न्यूमोनिया झालेल्या 453 लहान मुलांपैकी निम्म्यांना एकच मोठा डोस दिला, एक लाख युनिटचा. 2010 मध्ये निकाल आला: बरं व्हायला दोन्हीकडे तेवढेच दिवस लागले. पुढच्या तीन महिन्यांत न्यूमोनिया उलटण्याचं प्रमाण मात्र डोसवाल्यांत कमी होतं. आशा वाटली. मग तीन हजारांवर बाळांना दर तीन महिन्यांनी तोच डोस देऊन पाहिला, आणि न्यूमोनिया काही टळला नाही. ही सगळी तान्ही, रांगती मुलं. त्यांचं माप आजींना जसंच्या तसं लागू होत नाही. पण पुडीने दम लवकर भरून येतो, असं आजींना सांगायला माझी जीभ रेटत नाही.

मग पुडी कशाला? आजींच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी निघालं म्हणून. पावसाळाभर ऊन नाही, त्यात खाटेवर पडून हाडं आणि स्नायू आणखी दुबळे होतात. ती कमतरता भरायलाच हवी.

फक्त ही पुडी साठ हजार युनिटची आहे. आठवड्यातून एकदाच घ्यायची. माझ्या आत्याला हे कुणी नीट बजावलंच नाही. ती रोज घेत राहिली. सारखी तहान, मळमळ, पोट साफ नाही. शेवटी रक्तात कॅल्शियम वाढलेलं सापडलं. म्हणून विचारतोय, तुमच्या घरातली पुडी कोण मोजतं?

इथे सून मोजते. भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक रविवारी पेनाने गोल केलाय.

न्यूमोनियाचा खोकला सहा आठवडे रेंगाळतो, थकवा तीन महिनेसुद्धा. तोवर पेज, झेपेल तेवढा बांगडा आणि थोडं थोडं चालणं. काल आजी तुळशीपर्यंत गेल्या. आज तुळशीला वळसा घालून, मध्ये एकदाच थांबून, पडवीत परतल्या.