एका खोलीतला दवाखाना

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय छोट्या दवाखान्याबद्दल. एक खोली, एक टेबल, मागे पडदा, बाहेर बाकडं, फार तर एक कंपाउंडर.

लोक म्हणतात हे दिवस गेले. पण अमेरिकेत रॉचेस्टर शहरात गॉर्डन मूर नावाच्या फॅमिली डॉक्टरने 2001 साली मुद्दाम असाच दवाखाना काढला, नर्स नाही, रिसेप्शनिस्ट नाही, फोनसुद्धा स्वतःच उचलायचा. हिशोब साधा आहे. भाडं, पगार, मशीनचे हप्ते जेवढे जास्त तेवढे पेशंट रोज उरकावे लागतात. खर्च कमी असला की थोड्या पेशंटवर भागतं आणि प्रत्येकाला वेळ देता येतो. परत सांगते, खर्च कमी, म्हणून वेळ जास्त.

आता वेळ मिळाल्याने काय होतं ते आईच्या गोष्टीतून सांगते. दोन वर्षांपूर्वी आईला चक्कर यायला लागली. उठली की भिंत धरायची. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, सीटी स्कॅन, रक्त, सगळं नॉर्मल, आणि चक्करेची एक गोळी वाढली. शेवटी आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मावशी, गोळ्यांची पिशवी आणलीय ना? ओता इथे सगळी." आईने टेबलावर पिशवी उलटी केली. डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला आणि एकेक स्ट्रिप फिरवून मागची बारीक अक्षरं वाचायला लागले, मी घड्याळ बघत होते, चांगली वीस मिनिटं गेली. मग दोन स्ट्रिपा शेजारी ठेवल्या. एक गुलाबी, एक निळी, नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आत औषध एकच, अॅम्लोडिपिन! दोन डॉक्टरांनी बीपीसाठी दिलेलं, आणि आई दोन्ही घेत होती, सकाळी एक, रात्री एक. त्याने पाय सुजले, म्हणून तिसऱ्या डॉक्टरांनी लघवी होऊन सूज उतरायची गोळी दिलेली. आमच्या डॉक्टरांनी आईचं बीपी बसवून घेतलं, मग उभं करून घेतलं. उभं राहिल्यावर बीपी धाडकन खाली! कुणीच तिला उभं करून बघितलं नव्हतं हो.

आणि हे केमिस्ट लोक स्ट्रिप कापून चार गोळ्या देतात ना, त्यात औषधाचं नाव आणि तारीख दोन्ही कापलं जातं, मला याचा फार राग येतो. अख्खी स्ट्रिप मागा, नाहीतर नाव बिलावर लिहून घ्या.

तर मुद्दा असा, पिशवी बघायला मशीन लागत नाही, वेळ लागतो. मात्र मनाने एकही गोळी बंद करू नका, पिशवी घेऊन डॉक्टरांकडेच जा. सगळी पिशवी न्या, आयुर्वेदिक चूर्णं आणि शेजारणीने दिलेल्या गोळ्यांसकट.

आईच्या तीन गोळ्या त्या दिवशी डॉक्टरांनी बंद केल्या. उरलेल्या स्ट्रिपवर त्यांनी स्केचपेनने सूर्य काढून दिला, कारण आईला बारीक अक्षर दिसत नाही. पाचव्या दिवशी ती भिंत न धरता तुळशीला पाणी घालून आली.